उघडं इंजिन

इंजिन एकदा उघडलं की गाडी मालकाची राहत नाही, मिस्त्रीची होते. आरसी बुकावर नाव आप्पांचं, विमा आप्पांच्या नावाने, फिटनेसच्या रांगेत उभे राहायचे तेही आप्पाच. पण हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खाली उतरून सहा सिलेंडर आभाळाकडे तोंड करून बसले की त्या कागदांना फारसा अर्थ उरत नाही. तशी गाडी टोचन करून दुसऱ्या गॅरेजला नेलीच, तर तिथला मिस्त्री आधी विचारतो, "कुणी उघडलंय?" नाव सांगितलं की हात पुसत म्हणतो, "मग त्यांच्याकडूनच बसवून घ्या."

त्याचंही चुकत नाही. कुठला बोल्ट हरवला, कुठला आटा आधीच गेलेला होता, काय कुणी तोडलं, हे त्याला काय ठाऊक? उद्या काही झालं तर खापर त्याच्या डोक्यावर. धंद्यातला हा रिवाज तसा शहाणपणाचाच आहे. फक्त त्याचा सगळा फायदा पहिल्यांदा पाना लावणाऱ्याला मिळतो, आणि आमच्या मिस्त्रीला ते पुरतं ठाऊक होतं.

माझं काम हिशेबाचं. दिवसभर लोकांची बिलं, जीएसटी, टॅली. आप्पांच्या गुडघ्यांनी केबिनमध्ये चढायला नकार दिल्यापासून घरच्या एकुलत्या एका सहा चाकीचा हिशेबही माझ्याकडे आला, आणि हिशेबामागून गाडीही आली. चालवतात नाना. ते नात्याने कुणी नाहीत, पण मी शाळेत होते तेव्हापासून आमच्याकडेच आहेत. पिंपळगावहून कांदा भरायचा, वाशीला खाली करायचा, परतीला भिवंडीच्या गोदामांतून मिळेल ते भाडं उचलायचं. प्लायवूड, टाइल्स, एकदा नुसत्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या.

उन्हाळ कांद्याचे दिवस होते. परतीला टाइल्स भरल्या होत्या आणि कसारा घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. नानांनी गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली, पाणी टाकलं, पुन्हा निघाले. घाटनदेवीला नारळ फोडेपर्यंत रेडिएटर परत रिकामा. होजपाइप कोरडे, खाली थेंब नाही, आणि पाणी मात्र गायब. ऑइलची दांडी काढून पाहिली तर ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं. नाशिकला आल्यावर मिस्त्रीने झाकण काढून इंजिन चालू ठेवलं, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले, आणि त्याने एका शब्दात निकाल दिला, "गॅस्केट."

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा दाबून दाबून साधारण सतराव्या हिश्श्यात कोंबतात, ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. हा सगळा धुडगूस आत कोंडून ठेवायचं काम हेडचे बोल्ट करतात, आणि हेड नि ब्लॉक यांच्यामध्ये एक पातळ पत्र्यासारखं गॅस्केट असतं. आग, पाणी आणि ऑइल हे तिघे हातभर अंतरात राहतात आणि त्यांना वेगळं ठेवणारी ती एवढीशी चकती. ती जळाली की सिलेंडरचा गॅस पाण्यात घुसतो आणि पाणी बाहेर फेकलं जातं. म्हणजे मिस्त्रीचं निदान अगदी पुस्तकात बसेल असं होतं.

फक्त मला विचारायची सवड त्याने ठेवली नाही. दुपारी मी पोचले तेव्हा हेड खाली उतरलेलं होतं.

आडगाव नाक्याच्या पुढे हायवेला लागून अशी गॅरेजं ओळीने आहेत. आमच्या मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडसमोर त्या दिवशी आमच्याखेरीज एक टिपर होता, एक शाळेची बस होती, आणि कुणाचा तरी बिनचाकाचा टेम्पो लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला होता. सगळी इंजिनं उघडी. काम एकाचंही चालू नव्हतं. हे काय चाललंय ते कळायला मला वेळ लागला. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा, तसा हा माणूस आलेल्या गाडीचं हेड उतरवून ठेवत होता. जागा धरून झाली की मग बसायची घाई नाही. गाडी कुठे जाणार?

त्यानंतर जे सुरू झालं ते गाडीवाल्यांना सांगायला नको. "हेड लेथवर दिलंय ताई, फेस मारून येतंय, संध्याकाळी बसवू." (फेस मारणं म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं.) संध्याकाळी लेथवाल्याची लाईट गेलेली. दुसऱ्या दिवशी लेथवाल्याच्या साडूचं लग्न. मग गॅस्केट सेट मुंबईहून निघालेला, पण ट्रॅव्हल्सवाल्याने तो नाशिकला उतरवायचा सोडून धुळ्याला नेलेला. या माणसाच्या थापांत एक गोष्ट मला मनापासून आवडली: एक थाप तो कधी दोनदा वापरत नसे आणि प्रत्येकीत चिमूटभर खरं असायचंच. लाईट त्या दिवशी खरंच गेली होती, दुपारी तासभर.

शेवटी नाना स्वतः लेथवाल्याकडे गेले. तो म्हणाला, या आठवड्यात सहा सिलेंडरचं हेड आपल्याकडे आलंच नाही. नाना तिथून थेट गॅरेजवर आले आणि बोलत न बसता एकेक ताडपत्री उचलायला लागले. मागच्या कोपऱ्यात, दोन मेलेल्या बॅटऱ्यांच्या खाली, आमचं हेड सापडलं. त्याच्यावर खडूने 'आप्पा' असं लिहिलेलं होतं आणि त्यावरच गॅरेजच्या पोऱ्याचा जेवणाचा डबा ठेवलेला होता. व्हॉल्व्हच्या आसपास काजळी तशीच. कुठे गेलं नव्हतं, कुठून आलं नव्हतं.

मिस्त्री वरमला का? छे. म्हणाला, "ताई, लेथवाला पोराला शिकवतोय सध्या. पोराच्या हातात आपलं हेड कशाला द्यायचं? वाकडं केलं म्हणजे?" आणि गंमत अशी की क्षणभर मला त्याचे उपकार मानावेसे वाटले.

नानांना नाही वाटले. नानांचं म्हणणं सरळ होतं: "हा मानूस हातानं खरा हाये, तोंडानं नाही." मला हे तेव्हा पटलं नव्हतं. हातानं खरा असता तर काम झालं नसतं का?

पुढे अनेक दुपारी त्या शेडमधल्या उलट्या ठेवलेल्या ग्रीसच्या डब्यावर बसून काढल्या, तेव्हा थोडं थोडं कळायला लागलं. येणारा प्रत्येक मालक एकच विचारतो, "किती वेळ?" मिस्त्रीने खरं सांगितलं, "आठ दिवस", तर मालक पुढच्या गॅरेजला जातो आणि तिथे त्याला "उद्या देतो" ऐकायला मिळतं. गाडी तिथेही आठच दिवस पडून राहते, पण काम तिथे गेलेलं असतं. खरं बोलणाऱ्याला या रस्त्यावर गिऱ्हाईक टिकत नाही. आणि मालक तरी कोणते धुतल्या तांदळाचे? ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून फोन आला की आप्पा शांतपणे सांगतात, "गाडी कसाऱ्यात आहे." गाडी त्या वेळी भिवंडीत, हौद्याचं फाळकंसुद्धा उघडायचं असतं. ट्रान्सपोर्टवाला तेच पुढे पार्टीला सांगतो, त्यात तासभर कमी करून. या सगळ्या साखळीत मिस्त्रीनेच तेवढं घड्याळाप्रमाणे बोलावं, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

तरी राग येतोच. उभी गाडी पैसे कमवत नाही, पण खाते. नानांचा पगार, विमा, टॅक्स, आणि घरात आप्पांचा दर तासाला "झालं का?"

एक वकील मैत्रीण आहे, तिला विचारलं की गाडी तशीच उचलून आणली तर? ती हसली. म्हणाली, करार कायदा, 1872, कलम 170 वाच. एखाद्या वस्तूवर ज्याने आपली मेहनत किंवा कसब खर्ची घातलं, त्याला त्याचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडकवून ठेवायचा हक्क आहे. कलमाखाली उदाहरणही दिलं आहे: जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला दिलेला हिरा. आमच्या मिस्त्रीने यातलं अक्षरही वाचलेलं नसणार, पण जवाहिऱ्याचा हक्क त्याने बरोबर हेरला होता. मग ग्राहक आयोग? तिथे धंद्यासाठी घेतलेली सेवा बसत नाही. स्वतः राबून पोट भरणाऱ्यासाठी कायद्यात सवलत आहे, पण पगारी ड्रायव्हर ठेवलेला मालक त्यात बसतो की नाही यावरच दोन-तीन तारखा जातील, असं ती म्हणाली. शिवाय पुरावा काय होता माझ्याकडे? सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलेली सामानाची यादी. पावती, जॉबकार्ड, सही, काही नाही. मी, जी गिऱ्हाइकांना पाचशे रुपयांच्या बिलासाठी पिडते.

कंपनीच्या वर्कशॉपला का नेली नाही, हे नोकरदार नातेवाईक हमखास विचारतात. नेता येते. तिथे जॉबकार्ड मिळतं, एसीत बसायला मिळतं, चहा मिळतो. जुनी गाडी आणि तिचा डिझेलचा मेकॅनिकल पंप पाहिला की मात्र तिथल्या पोरांचे चेहरे उतरतात. ती लॅपटॉप लावून फॉल्ट कोड वाचायला शिकलेली, आणि आमच्या गाडीला लॅपटॉप लावायला जागाच नाही. एवढं करून अंदाजपत्रक गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतं.

सामानाचा प्रकार आणखी वेगळा. नोझल चेक करायला पंपवाल्याकडे दिले तेव्हा त्यातले दोन गेलेले निघाले. आता नाशिककराला नोझलचं अप्रूप नसावं. मायको सर्कलवरून आम्ही रोज जातो, आणि तो चौक ज्या कारखान्याच्या नावाने ओळखला जातो, तिथे वर्षानुवर्षं हेच तर होत आलंय, डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर. कंपनीचं नाव 2008 साली बदलून बॉश झालं तरी चौक मायकोच राहिला. नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. ती वाढली की फवाऱ्याऐवजी थेंब पडतात आणि सायलेन्सर काळा धूर ओकायला लागतो. आमच्या घराशेजारचे दोन काका या कारखान्यातून रिटायर झालेत. तरीही मिस्त्री मला विचारत होता, "ताई, ओरिजनल टाकू का लोकल?" लोकलमध्ये त्याला दुकानदाराकडून काय सुटतं हे मला ठाऊक होतं. मी ओरिजनल सांगितलं आणि दुकानात स्वतः गेले. दुकानदार माझ्याकडे असं बघत होता की जणू मी त्याच्या घरात शिरून कपाट उघडलंय.

अखेर एका रात्री काम झालं. टिपरवाल्याने वैतागून टिपरच्या केबिनमध्ये बिछाना टाकला होता, बसवाल्याची शाळा सुटीवर गेली होती, आणि माझ्या मते मिस्त्रीकडे थापा संपल्या होत्या. जेवून आला, हात धुतले, बल्ब वायरला लटकवला आणि बसला.

त्या रात्री नानांचं बोलणं मला कळलं. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग त्याने आधी ब्लेडने, मग चिंधीने पुसला, आणि मग तळवा सपाट ठेवून डोळे मिटून त्यावरून फिरवला. एका ठिकाणी थांबला. ब्लेडने पुन्हा खरवडलं. मला तिथे काहीही दिसत नव्हतं. गॅस्केट ठेवलं, हेड पोऱ्याच्या मदतीने अलगद खाली सोडलं. बोल्ट आवळायला सुरुवात मधल्यापासून, मग एक इकडचा, एक तिकडचा, असं बाहेर बाहेर जात. पहिल्या फेरीत अर्धवट, पुन्हा मधल्यापासून दुसरी फेरी, मग तिसरी. पोऱ्याने पान्याला पाइप लावला तेव्हा त्याच्या पाठीत धपाटा बसला. शेजारच्या गॅरेजमधून मागून आणलेला टॉर्क पाना फडक्यात गुंडाळून ठेवला होता, तो त्याने काढला. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं. फिलर गेजची पाती फटीत सरकवून पुढे-मागे करायचा, आणि पातीकडे न बघता माझ्याशी बोलत राहायचा: त्याचा उस्ताद मालेगावचा होता, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) जुन्या गाड्यांवर शिकलेला, चुकलं की पाना फेकून मारायचा. "हे बघा, लोण्यातून जाते तशी नको, अडकायलाही नको." एवढ्यात पाती थांबायची, तो नट आवळायचा, पुढचा टॅपेट.

मग डिझेलच्या लाइनमधली हवा काढणं. हातपंप मारत राहायचं, स्क्रू सैल, फसफस करत बुडबुडे, मग नुसतं डिझेल, स्क्रू बंद. नोझलच्या पाइपांचे नट एकेक सैल करून नाना सेल्फ मारत होते. पहिल्या दोन-तीन झटक्यांत नुसता खोकला. मग एक सिलेंडर लागला, दुसरा लागला, पांढरा धूर सगळ्या शेडमध्ये भरला, आणि आवाज हळूहळू एका तालात आला. मिस्त्रीने ऑइलच्या टोपीवर तळहात ठेवून दाब पाहिला आणि विडी पेटवली. तो माणूस त्या वेळी कुणाशीही खोटं बोलला असता तरी इंजिनाशी बोलू शकला नसता.

गोष्ट इथे संपली असती तर मी हे लिहायला बसले नसते.

गाडी सुरू झाली आणि थंड चालायला लागली. नको इतकी थंड. ओझरच्या सपाटीवर काटा निम्म्यावरही येईना, नाना खूश, पण माझ्या वहीत डिझेलचं अॅव्हरेज घसरलेलं. आणि घाटात लोड घेऊन चढताना पुन्हा तीच बोंब, काटा लालमध्ये. मी मिस्त्रीला फोन केला तर म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून टाकलाय ताई. आपल्याकडच्या उन्हाला कशाला लागतो तो? फॉरेनची चीज आहे ती." काढून ठेवलेला तो भाग, इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणारी झडप, पोऱ्याने एका रॉकेलच्या डब्यातून शोधून दिला. मी घरी आणला, जुन्या पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवला आणि आईचा कॅण्डी थर्मामीटर त्यात सोडला. (पातेलं जुनं की नवं यावर आईचं मत वेगळं आहे.) ऐंशी अंशांच्या थोडं पुढे आतलं मेण वितळून फुगलं, आणि झडप सावकाश, न अडखळता उघडली. अगदी चांगला, धडधाकट थर्मोस्टॅट. तो नसला की पाणी तापायच्या आत फिरायला लागतं, इंजिन थंडीत कुडकुडतं आणि डिझेल जास्त पितं. आणि काही इंजिनांत त्याच झडपेने बायपासची वाट बंद व्हायची असते. ती बंद झाली नाही की ऐन घाटात गरम पाणी रेडिएटरला टाळून परत इंजिनात येतं.

तो बसवून घेतला. तरी घाटातला त्रास पूर्ण गेला नाही. शेवटी रेडिएटरवाल्याने टाकी उघडून दाखवली: निम्म्या नळ्या क्षाराने बंद. वर्षानुवर्षं ढाब्यावरचं बोअरचं पाणी भरलेलं. त्याने सळ्या घालून नळ्या साफ केल्या आणि गाडी घाट चढायला लागली.

म्हणजे गॅस्केट गेलंच नव्हतं का? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता, कारण त्यावर मिस्त्रीचं माप ठरणार होतं. त्याने दाखवलेलं जळकं गॅस्केट मी हट्टाने घरी आणून ठेवलं होतं. तिसऱ्या आणि चौथ्या सिलेंडरच्या मधली पट्टी काळी पडून तुटलेली. आमच्या हेडला एका कोपऱ्यात जुनं वेल्डिंग आहे, त्याचा उंचवटा त्या गॅस्केटवर जिथल्या तिथे उमटलेला होता. गॅस्केट आमचंच आणि खरोखर जळालेलं. फक्त ते का जळालं, हे त्याने बघितलं नाही. "रेडिएटर रेडिएटरवाल्याचं काम आहे ताई." पंप पंपवाल्याचा, पाटे पाटेवाल्याचे, वायरिंग वायरमनचं, हेड लेथवाल्याचं. अख्खी गाडी कुणाचीच नाही. अख्खी गाडी फक्त नानांची, कारण घाटात तिच्यासोबत तेच असतात.

आप्पा म्हणतात, आता विकून टाकू. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6, म्हणजे धुराच्या कडक नियमाच्या, त्यांना धूर स्वच्छ करायला युरिया लागतो, सेन्सर लागतात. जुन्या गाडीला पंधरा वर्षं झाली की फिटनेसची फी भरताना घाम फुटतो. ते खरंच आहे. त्या ओळीतल्या शेडही हळूहळू कमी होत आहेत. टेम्पो ठोकळ्यांवर चढवला होता तिथे आता पंक्चरवाला बसतो. मिस्त्रीचा तो पोऱ्या धपाटे खाऊन खाऊन शिकेल असं वाटलं होतं, तो मोबाइलच्या दुकानात लागला. बीएस-6 गाडी आली तर आमचा मिस्त्री बॉनेटच्या आत बघतो, वायरींचा गुंता बघतो आणि मालकाला सरळ कंपनीत जायला सांगतो. एवढं एक वाक्य मात्र तो अगदी वेळेवर आणि खरं बोलतो.

गाडी अजून विकलेली नाही, आणि काम त्याच्याकडेच जातं. उचल आता मी देत नाही. सामान मी आणते, मजुरी काम झाल्यावर. हेडला हात लावायच्या आधी लेथवाल्याशी मी स्वतः फोनवर बोलते, हे त्याला कळवून ठेवलंय. त्याने ते फारसं मनाला लावून घेतलेलं नाही. मागच्या आठवड्यात क्लच प्लेट गेली. मिस्त्री म्हणाला, "सकाळी लावा, दुपारी घेऊन जा." मी नानांना म्हटलं, डबा घेऊन जा. नानांनी डबा नेला, आणि चटईही नेली.